वॉरबँडमध्ये सारखा कैद होतोय, सुरुवात नेमकी कशी करायची?

कंटाळलेला_शिलेदार:
माउंट अँड ब्लेड वॉरबँड घेतला सेलमध्ये, लॅपटॉप जुना आहे आणि पुढचा भाग बॅनरलॉर्ड त्यावर चालणार नाही म्हणून हाच. २०१० चा गेम म्हणजे सोपा असणार असं वाटलं होतं पण कसलं काय. प्रावेन शहरात सुरू केलं, व्यापाऱ्याच्या भावाला सोडवायचं काम झालं कसंबसं, मग गावागावातून रिक्रूट गोळा केले आणि वर नॉर्ड राज्याच्या किनाऱ्याकडे गेलो तर सी रेडर्स म्हणजे समुद्री लुटारूंनी कुऱ्हाडी फेकून फेकून सगळी पलटण झोपवली. मी कैद, माणसं गेली, पैसे गेले, सुटलो की परत तेच. समोरचा कुठून वार करतोय ते कळेपर्यंत मी आडवा. कोणत्या राजाकडे जाऊ, पैसे कुठून येतात आणि स्वतःचं राज्य कधी काढता येतं हे कोणी नीट सांगेल का? यूट्यूबवर लोक एकटेच आख्खी फौज कापतात, त्याचा मला काय उपयोग.

भाला_आणि_भाकरी:
अरे नवीन रिक्रूट घेऊन सी रेडर्सच्या वाट्याला कोण जातं! त्यांच्याकडे चांगली चिलखतं असतात, फेकायची हत्यारं असतात, ते थेट नॉर्ड सैनिकांच्या तोडीचे आहेत. तू आधी लूटर्स म्हणजे भुरटे लुटारू पकड, त्यांच्याकडे दगड आणि साधीसुधी हत्यारं असतात. आणि पकड म्हणजे खरंच पकड, हातात तलवार नको, दंडुका किंवा हातोडा घे, बोथट हत्याराने माणूस मरत नाही, बेशुद्ध होतो, मग तो कैदी म्हणून नेता येतो आणि खानावळीत बसलेला रॅन्सम ब्रोकर, म्हणजे कैदी विकत घेणारा दलाल, लूटरचे सुद्धा दिनार देतो. त्यासाठी प्रिझनर मॅनेजमेंट स्किलमध्ये एखादा पॉइंट हवा. दुसरं, टूर्नामेंट सोडू नकोस. प्रत्येक फेरीला स्वतःवर १०० दिनार लाव, हरलास तरी कैदबिद काही नाही आणि वार अडवायची प्रॅक्टिस फुकटात होते. रिक्रूट लगेच मोठ्या लढाईत ढकलू नकोस, लूटर्सवर दोनचार वेळा हात साफ झाले की त्यांना पार्टीच्या स्क्रीनवरून वरच्या दर्जाला चढवता येतं, ट्रेनर स्किल असेल तर रोज रात्री थोडा एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो तो वेगळा.

सरायवाली:
मला वाटतं इथे सगळे तलवारीवरच बोलणार, म्हणून मी बाकीचं सांगते. हा गेम तुम्ही किती छान लढता यावर चालतच नाही, तुमची माणसं किती दिवस जगतात यावर चालतो. सर्जरी नावाचं स्किल आहे, पडलेला सैनिक मरायच्या ऐवजी जखमी होण्याची शक्यता मुळात २५ टक्के असते आणि सर्जरीची प्रत्येक पायरी त्यात ४ टक्के घालते. हे पार्टी स्किल आहे, म्हणजे टोळीत एकाकडे असलं तरी सगळ्यांना लागू, म्हणून खानावळींमधून जेरेमस नावाचा साथीदार शोधा आणि त्याला फक्त वैद्यकीच शिकवत राहा, लढाईचं काही नको. सापडत नसेल तर खानावळीतला प्रवासी ३० दिनार घेऊन सांगतो कोण कुठे बसलंय ते. बाकी साथीदारांचे आपसात रुसवेफुगवे असतात, मार्निद आणि अलायन एकत्र ठेवले की कटकट सुरू, त्यामुळे कोणाचं कोणाशी पटतं ते बघून घ्या. जेवण एकाच प्रकारचं नको, नुसत्या धान्यावर ठेवलं तर मोराल (सैन्याचं मनोबल) खाली जातं आणि माणसं पळून जातात, चीज मासे मध काहीतरी घालत राहा.

पैशाचं म्हणाल तर शहराच्या गिल्ड मास्टरशी (व्यापाऱ्यांच्या प्रमुखाशी) बोलून डायवर्क्स म्हणजे कापड विणून रंगवायचा कारखाना काढा. १०,००० दिनार लागतात, सुरुवातीला खूप वाटतात, पण कच्चं रेशीम आणि रंग वापरून मखमल तयार होते आणि दर आठवड्याला पैसे आपोआप येतात, तुम्ही कुठेही असा. दोनतीन शहरांत टाकलेत की पगाराची चिंता बऱ्यापैकी मिटते. तोवर बाजारात 'असेस लोकल प्राइसेस' करून भाव बघून माल फिरवा. फक्त ज्या राज्याशी पुढे भांडायचंय तिथे धंदा टाकू नका, युद्ध लागलं की उत्पन्न थांबतं.

जुना_खोडकर:
वरचं सगळं बरोबर पण कोणी त्याला कमांड सांगितल्या नाहीत!! १ दाबलं की पायदळ, २ तिरंदाज, ३ घोडेस्वार, ० सगळे. मग एफ१ दोनदा म्हणजे इथेच थांबा, एफ१ एफ२ माझ्यामागे या, एफ१ एफ३ तुटून पडा. नवीन माणूस कायम एफ१ एफ३ करतो आणि त्याची फौज पोरं पतंगामागे धावतात तशी विखरून जाते. टेकडी बघ, तिरंदाज वर, पायदळ त्यांच्या पुढे, शत्रूला चढून येऊ दे, जवळ आला की मग सोड. खेरगिट राज्याची फौज समोर असेल तर हे अजून जास्त पाळ, ते घोड्यावरून बाण मारत गोल फिरतात, त्यांच्यामागे पळालास तर संपलास. इथे लगेच कोणीतरी गनिमी कावा गनिमी कावा करेल, पण गनिमी काव्यात तू खेरगिट असतोस भावा, समोरचा नाही.

फौज म्हणशील तर स्वाडिया राज्याचे घोडेस्वार, स्वाडियन नाइट. मोकळ्या मैदानात त्यांना तोड नाही.

भाला_आणि_भाकरी:
मैदानात हो, पण किल्ल्यावर घोडा काय शिडी चढणार आहे का? तिथे नाइटला पण पायी जावं लागतं आणि तो महाग पडतो. शिडीवर नॉर्ड हस्कार्ल, म्हणजे त्यांचं तगडं पायदळ घाल आणि गडाच्या बचावाला रोडोक राज्याचे क्रॉसबोवाले शार्पशूटर. आणि रोडोक लोकांच्या भाल्यांवर स्वाडियन नाइट घेऊन जाऊन बघ एकदा डोंगरात, मग बोलू.

कंटाळलेला_शिलेदार:
लूटर्सवर दंडुका भारी चाललाय, दोनदा विकून आलो! जेरेमस पण सापडला. आता राजाचं सांगा ना, स्वाडियाच्या राजा हार्लाउसकडे जाऊ का? की डायरेक्ट एखादा किल्ला घेऊन स्वतःच राजा होऊ?

सरायवाली:
डायरेक्ट नको हो. राइट टू रूल, म्हणजे राज्य करायचा हक्क मोजणारा आकडा, शून्याच्या आसपास असताना किल्ला घेतलात तर सरदार तुमच्याकडे येत नाहीत आणि बाकीचे राजे तुम्हाला राजा मानत नाहीत, एकामागून एक युद्ध पुकारतात. आधी मर्सिनरी (भाडोत्री सैनिक) म्हणून करार करा, राजाच्या युद्धात राजाच्या पैशावर सैन्य तयार होतं आणि करार संपला की मोकळे. मग वाटलं तर सरदार व्हा, बहुतेक वेळा एखादं गाव मिळतं. मात्र तुम्ही रक्त सांडून घेतलेला किल्ला राजा खुशाल दुसऱ्याला देतो, तेव्हा कीबोर्ड आपटू नका. मला स्वतःला हक्कदाराची बाजू घेणं जास्त आवडतं, म्हणजे स्वाडियाच्या गादीवर सुनो शहराची लेडी इसोल हक्क सांगते, तिच्याबरोबर गेलात तर लढाई एकट्या हार्लाउसशी राहते आणि त्याचेच सरदार बोलून फोडता येतात. फक्त तेव्हा तुम्ही दुसऱ्या कोणाचे सरदार असून चालत नाही.

जुना_खोडकर:
आणि ते वार अडवायचं राहिलंच की. ऑप्शनमध्ये ब्लॉकची दिशा ऑटोमॅटिक करून ठेव, सिंगल प्लेयरमध्ये चालतं. तरी जमत नसेल तर ढाल घे, समोरून येणारं सगळं ती अडवते, फक्त कुऱ्हाडवाल्यापुढे लवकर फुटते म्हणून एक जास्तीची इन्व्हेंटरीत ठेव. प्लेयरला होणारं डॅमेज पाव करून खेळलास तरी इथे कोणी हसणार नाही, म्हणजे मी हसेन, पण ते सोड.