थ्री कार्ड पोकर: ब्लफ कुणाला दाखवणार?

कुणीतरी विचारलंय की थ्री कार्ड पोकरमध्ये डीलरसमोर, म्हणजे कॅसिनोतर्फे खेळणाऱ्यासमोर, ब्लफ (कमजोर पानं असून भारी असल्याचं भासवणं) चालतो का. नाही चालत. समोरचा माणूस स्वतःच्या बुद्धीने खेळतच नाही, तो नियमाने बांधलेला असतो. आधी आपण अँटी, म्हणजे सुरुवातीची पैज, लावायची, तीन पानं बघायची आणि मग एकच निर्णय: पानं टाकून अँटीवर पाणी सोडायचं, की तेवढीच रक्कम आणखी लावून खेळायचं.

डीलरकडे किमान राणी नसेल तर त्याचा हात, म्हणजे त्याची तीन पानं, मोजत नाहीत. आपल्याला अँटीवर बरोबरीचे पैसे मिळतात आणि दुसरी रक्कम तशीच परत येते. त्यामुळे दणदणीत हात असूनही कधी कधी निम्माच फायदा होतो, याची चिडचिड सगळ्यांचीच होते.

सीमारेषा आहे राणी-सहा-चार. तेवढं किंवा त्याहून वरचं असेल तर खेळा. राणी-सात-दोन आलं? खेळा, कारण दुसरं पान सहाच्या वर आहे. राणी-सहा-तीन? टाका. हे काटेकोर पाळूनही अँटीच्या साधारण 3.4 टक्के घराकडे, म्हणजे कॅसिनोकडे, जातातच.

आणि हो, इथे सिक्वेन्स (लागोपाठची पानं) फ्लशपेक्षा (एकाच रंगचिन्हाची पानं) मोठा, कारण तो जास्त दुर्मिळ. तीन पानांच्या 22,100 जुळण्यांत नुसते सिक्वेन्स 720, फ्लश 1,096. पाच पानांच्या पोकरची सवय असलेले इथेच गडबडतात. पेअर प्लसची बाजूची पैज (आपल्याला जोडी किंवा त्याहून चांगलं येईल यावरची) मात्र टेबलावरचा दरफलक वाचल्याशिवाय लावू नका, फ्लशला चारपट की तीनपट यावर बरंच अवलंबून असतं.