मग ‘धग’ कुठं ठेवायची?

कापूसवाला, दर्यापूर:
काल एकानं लिहिलं, श्यामची आई, ययाति, मृत्युंजय, कोसला वाचलं नसेल तर मराठी वाचक म्हणवून घेऊ नका. रात्री झोप नाही लागली मले. चारही वाचली, आवडलीत. पण उद्धव शेळक्यांची वऱ्हाडातली कादंबरी धग १९६० ची, कोसलाच्या तीन वर्षं आधीची, ती काउन नाही यादीत? माही आजी निंदणाला जायची, तिला धगच्या नायिकेची, कौतिकची चार पानं वाचून दाखवली तर म्हणे, ‘आपल्या घरातलं याले कोनं सांगतलं रे?’ मृत्युंजय वाचताना असं नाही झालं.

निवृत्त मास्तर:
वऱ्हाडावर दरवेळी अन्यायच का? राघववेळ कादंबरीला १९९५ ची साहित्य अकादमी, बारोमास कादंबरीला २००४ ची. वाशिम-बुलडाण्याचेच ना लेखक? आणि मृत्युंजयनं खेड्यातली किती पोरं वाचायला लागली, मी वर्गात पाहिलंय.

कापूसवाला, दर्यापूर:
सर, पुरस्कार भेटला म्हणून पुस्तक भेटते का? आमच्या सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्ग वाचनालयात स्पर्धा परीक्षेची गाइडं अन् कुलूप.

वऱ्हाडी पोरगी:
खरं दुखणं भाषेचं आहे. मुंबईत इंटरव्ह्यूला तोंडातून ‘मले’ निघालं, समोरचे तिघं हसले. धगमध्ये याच बोलीत बाई रडते, भांडते, पोरं जगवते. पण लोकायले वऱ्हाडी फक्त हसायले पाहिजे.

निवृत्त मास्तर:
हसवतात कोण? आपलेच कवी ना, गावोगावच्या संमेलनांत!

वऱ्हाडी पोरगी:
हसवणं वाईट कोन म्हणलं? पुरुषोत्तम बोरकरांची मेड इन इंडिया कादंबरी वाचा, हसता हसता घशात आवंढा येते. तुम्ही वर्गात आम्हाले ‘नीट बोल’ म्हणत होते ना, तिथूनच सुरू झालं हे सगळं.

निवृत्त मास्तर:
तोंड सांभाळून. मी तुमचा मास्तर नव्हतो. ... पण हो, म्हणायचो मी पोरांना तसं. बोर्डाच्या पेपरात मार्क जायचे म्हणून म्हणायचो.

रिद्धपूरच्या वाटेवर:
भांडता कायले? लीळाचरित्र याच मातीत लिवलं गेलं, तेव्हा प्रमाण मराठी कुठं होती?

निवृत्त मास्तर:
यादीत धग पाहिजे, मान्य. मृत्युंजय काढू देणार नाही.

कापूसवाला, दर्यापूर:
काढा म्हटलंच नव्हतं, सर. धगची एखादी प्रत हाय का कोनाकडं? माही पाहुण्यानं नेली ते नेलीच.

निवृत्त मास्तर:
माझ्याकडे आहे. रविवारी या, कव्हर घालून देतो. आजीला पुढचं वाचून दाखवा.