मदत हवी: मेट्रिक मॉडेलचं उत्तर सिम्युलेशनशी जुळत नाही, शुक्रवारी सादरीकरण आहे

निखिल_एमटेक: विमानांच्या दुरुस्त करून परत वापरायच्या सुट्या भागांवर प्रोजेक्ट आहे. शेरब्रुकचं १९६८चं मेट्रिक (विमानतळ आणि मुख्य डेपो यांत सुटे भाग किती ठेवायचे ते काढणारं मॉडेल) एक्सेलमध्ये बसवलंय. तळावर १ भाग ठेवला की सरासरी बॅकऑर्डर (मागितलेले पण अजून न मिळालेले भाग) ०.०९ येते, सिम्युलेशन ०.२५ म्हणतं. दोन दिवस अडकलोय. प्लीज लवकर सांगा.

गणपत_स्टोअर्स: आधी एबीसी वर्गवारी कर, म्हणजे भाग महत्त्वानुसार वेगळे कर. मग ईओक्यू काढ, एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं ते.

राशीशास्त्री: ईओक्यू इथे कशाला? भाग दुरुस्त होऊन परत येतो, एक बिघडला की एकच मागवायचा. निखिल, आकडे दे. तळ किती, दुरुस्ती कुठे, किती दिवसांत?

निखिल_एमटेक: तळ ४, प्रत्येकी महिन्याला १ बिघाड. २०% तळावरच पाव महिन्यात दुरुस्त. बाकी डेपोत, २ महिने. डेपोतून भाग यायला अर्धा महिना.

राशीशास्त्री: डेपोत साठा?

निखिल_एमटेक: ६. पण माझा प्रश्न तळाचा आहे.

राशीशास्त्री: चूक डेपोच्या साठ्यातच आहे. ४ तळांचे ८०%, म्हणून डेपोकडे महिन्याला ३.२ भाग येतात, म्हणजे दुरुस्तीत सरासरी ६.४. साठा ६, म्हणून चढउतार धरून डेपोचीच सरासरी बॅकऑर्डर १.२. भागिले ३.२ केलंस की प्रत्येक मागणीला साधारण ११ दिवसांची वाट. ती तू धरलीच नाहीस. तळाची पाइपलाइन, म्हणजे दुरुस्तीत किंवा वाटेत अडकलेले सरासरी भाग, ०.४५ नाही, ०.७५ आहे.

निवृत्त_वायुसैनिक: आमच्या वेळी भाग नसला तर उभ्या विमानातला काढून दुसऱ्याला लावायचो. हे धरलंय का?

राशीशास्त्री: काका, मूळ मेट्रिकमध्ये ते नाही.

निवृत्त_वायुसैनिक: मग त्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा? रात्रभर हँगरमध्ये तेच करत होतो आम्ही.

निखिल_एमटेक: ०.२२ आलं! पण अजून ०.२५ नाही.

सांख्यिकी_मावशी: कारण मेट्रिक तळाची पाइपलाइन पॉयसन मानतं, म्हणजे विचरण (चढउताराचं माप) सरासरीइतकंच धरतं. डेपोच्या बॅकऑर्डरमुळे चढउतार सरासरीपेक्षा जास्त होतो. तुझ्या आकड्यांत विचरण ०.८६ आहे. ग्रेव्हजच्या १९८५च्या पद्धतीने निगेटिव्ह बायनॉमियल (विचरण सरासरीहून जास्त असू देणारं वितरण) लाव, ०.२५ मिळेल.

राशीशास्त्री: एवढ्या फरकासाठी कशाला? पहिल्या सादरीकरणाला ०.२२ पुरे.

सांख्यिकी_मावशी: अजिबात नाही. एका भागाला ०.०३ म्हणजे थोडं वाटतं. विमानात असे शेकडो भाग असतात, आणि एक जरी नसला तरी विमान जमिनीवरच.

निवृत्त_वायुसैनिक: बाळा, ते २ महिने कधीपासून मोजलेस?

निखिल_एमटेक: भाग डेपोत पोचल्यापासून, काका.

निवृत्त_वायुसैनिक: आणि चिठ्ठी बांधलेला बिघडलेला भाग आमच्या शेडमध्ये गाडीची वाट बघत पडायचा, ते दिवस?

निखिल_एमटेक: ते सिम्युलेशनमध्येही नाहीत. दोन्ही परत चालवतो.