झाडाचं लाकूड नेमकं येतं कुठून?

कुंडीवाली: कुंडीतलं रोप बघता बघता माझ्या खांद्याला लागलं. माती मात्र होती तेवढीच, खत चिमूटभर. मग एवढं खोड आलं कशातून? आणि पान ऑक्सिजन सोडतं तो कार्बन डायऑक्साइडमधलाच ना?

जुना मास्तर: ताई, खोड आलं हवेतून आणि पाण्यातून. व्हॅन हेल्माँट नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाने हेच करून पाहिलं होतं. 200 पौंड माती, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप, वरून नुसतं पाणी. 5 वर्षांनी झाड 169 पौंडांचं आणि माती घटली जेमतेम 2 औंस! हे 1648 साली छापून आलं. झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवून टाकलं. लाकूड जाळल्यावर निघणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, या गृहस्थाला चांगला ठाऊक होता. तोच वायू आधी लाकडात शिरलेला असतो, हे काही त्याला सुचलं नाही.

हवेत कार्बन डायऑक्साइड किती? साधारण 0.04 टक्के. पान तो बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, आत घेतं. हरितद्रव्य प्रामुख्याने तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: ऑक्सिजन सुटतो तो पाण्यातला. 1941 मध्ये रुबेन, केमेन या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी शेवाळाला जड ऑक्सिजनचं (म्हणजे नेहमीपेक्षा वजनदार अणू असलेल्या ऑक्सिजनचं) पाणी दिलं, तर बाहेर पडलेला वायूही जड निघाला. पुढे रुबिस्को नावाचं विकर कार्बन पकडतं, त्याची साखर होते आणि साखरेचं सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा मुख्य घटक. हे रुबिस्को भलतंच संथ, म्हणून पानाला ते ढिगाने बनवावं लागतं.

निशाचर: म्हणजे जंगलं ही पृथ्वीची फुप्फुसं, हे खरंच की!

जुना मास्तर: या वाक्याचं आणि माझं जमत नाही. ॲमेझॉनचं जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळजवळ तेवढाच तिथली झाडं, बुरशी, जिवाणू श्वसनात वापरून टाकतात. शिवाय जगातल्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचा, त्यांना कोण विचारतो! जंगलाचं मोल दुसरीकडे आहे. तिथला किडा, हरीण, वाघ, सगळे पानाने पकडलेल्या ऊर्जेवरच जगतात. आणि या अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळमानाने 10 टक्केच ऊर्जा पोचते, म्हणून हरणं पुष्कळ आणि वाघ थोडे. झाडं तोडली की या साखळीची खालची पायरीच आटते. शिवाय खोडात साठलेला कार्बन जाळल्या-कुजल्यावर हवेत परत, तो वेगळाच.

कुंडीवाली: सर, मग खत घालायचं तरी कशाला?

जुना मास्तर: वजनाला नाही, कामाला. रुबिस्को हे प्रथिन आहे, त्याला नत्र लागतं. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर आधी तिकडे बघा.