सुरुवातीचा पार्किन्सन्स: पायात ताकद आहे, मग उठायला वेळ का लागतो?

प्रश्न: पार्किन्सन्सचा सुरुवातीचा टप्पा. लेग प्रेसवर (बसून पायांनी वजन ढकलायचं जिममधलं यंत्र) वजन व्यवस्थित ढकललं जातं, तरी खुर्चीतून उठताना वेळ लागतो. वजन वाढवायचं का?

उत्तर १: नुसतं वजन वाढवून भागणार नाही. मेंदूकडून स्नायूला मिळणारा आदेश कमी पडतो, म्हणून ताकद असूनही जोर झटकन लागत नाही. जेमतेम एकदाच ढकलता येतं त्या कमाल वजनाच्या ४० ते ६० टक्के घ्या. ढकलताना जमेल तितक्या झपाट्यानं, परत येताना २-३ सेकंद. ८ वेळा, ३ फेऱ्या, आठवड्यातून २ दिवस. वेग पडला की फेरी तिथेच थांबवा, रेटू नका.

उत्तर २: दोन्ही पाय वेगवेगळे तपासा. आजार बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि एकत्र ढकलताना चांगला पाय दुसऱ्याची उणीव झाकतो.

उत्तर ३: लेव्होडोपा (पार्किन्सन्सवरची गोळी) चालू असेल तर गोळीचा असर असतानाच व्यायाम करा. हात न टेकता ५ वेळा उठाबसायला किती सेकंद लागतात ते मोजा, पण दर वेळी गोळीनंतर तेवढ्याच अंतरानं, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. उठल्यावर गरगरलं तर व्यायाम थांबवून बसून आणि उभ्यानं रक्तदाब मोजा, डॉक्टरांना सांगा. आणि श्वास कोंडून ढकलू नका.