दुःखात असलेल्या माणसाला 'देवाची योजना असेल' म्हणावं का?

बाभूळबन: आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंचे पती अचानक गेले. दफनविधी उरकून सगळे घरी आलो आणि तासाभरातच चौघापाच जणांनी त्यांना ऐकवलं, "रडू नका, देवाची काहीतरी योजना असेल." एकाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ म्हणून दाखवलं, देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात, हे वचन. ताई गार झालेला चहा हातात धरून नुसती मान हलवत होत्या.

माझ्या मते हे सांत्वन नाही. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग तोंड उघडलं आणि त्यालाच दोषी ठरवायला निघाले. शेवटी देवाचा कोप झाला तो या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला मात्र त्याने 'माझा सेवक' म्हटलं.

पाळकपुत्र: असहमत. सगळं गमावल्यावर त्याच ईयोबाने पहिल्याच अध्यायात जमिनीवर पडून देवाला धन्य म्हटलं, ते का गाळता? माझे वडील डायलिसिसवर होते तेव्हा आई रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', म्हणायची. त्या बळावर घर उभं राहिलं. पंडिता रमाबाईंचंच बघा. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही.

केडगाव लोकल: रमाबाईंचं उदाहरण घाईत दिलंत. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होणं, १८८३ चं, म्हणजे मनोरमा सोडून बाकी सगळे मृत्यू त्याआधीचे. दुष्काळात त्यांच्या घरी व्रतं, उपास, तीर्थयात्रा सगळं झालं, होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं आणि माणसं उपाशी मेली. 'देव बघून घेईल' यावरचा त्यांचा भरवसा तिथेच उडाला होता. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली घेऊन आल्या. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी खणल्या, शेती लावली, छापखाना चालवला. प्रार्थनाही अखंड होती, पण कामाच्या जागी नव्हती, कामासोबत होती.

वसईची सिस्टर: मी वॉर्डात नर्स आहे. रात्री पेशंट विचारतात, "सिस्टर, माझं काय चुकलं?" मी कधीच उत्तर देत नाही. गुड फ्रायडेला आपण वाचतो ना, प्रभू येशू क्रूसावरून ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्याला चालतं, तर माझ्या पेशंटला का नाही? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं.

पाळकपुत्र: सिस्टर, पण त्या स्तोत्राची सुरुवात 'माझ्या उद्धारक देवा' अशी आहे. अंधारातसुद्धा हाक कोणाला मारायची हे त्याला ठाऊक आहे. आणि प्रभूची ती हाक ज्याची पहिली ओळ आहे, ते बाविसावं स्तोत्र स्तुतीने संपतं. अर्ध्यावर थांबू नका. केडगाव लोकल, बाप्तिस्म्याचं मान्य. पण मनोरमा गेल्यावर बाईंना कशाने धरून ठेवलं, ते तुम्ही बोलला नाहीत.

बाभूळबन: विश्वासानेच, त्यावर माझा वादच नाही. पण तो बाईंचा स्वतःचा होता, शेजाऱ्याने आणून हातावर ठेवलेला नव्हे. बाविसाव्या स्तोत्रात स्तुती सुरू होते बाविसाव्या ओवीला. आधीच्या ओव्यांत दात विचकणारे लोक, खिळखिळी झालेली हाडं, टाळूला चिकटलेली जीभ आहे. ताईंना आपण पहिल्याच तासात त्या सगळ्यावरून पुढे ढकललं.

केडगाव लोकल: शिवाय त्यांचे पेन्शनचे कागद अडकलेत, मुलाची फी भरायची आहे. त्याबद्दल कोणी विचारलं का?

पाळकपुत्र: कागदांचं मी बघतो. बुधवारी त्यांना घेऊन ऑफिसात जाईन. पण घरी गेलो की प्रार्थना केल्याशिवाय उठणार नाही.

बाभूळबन: जरूर करा. फक्त आधी ताईंना विचारा, आणि त्या आज नको म्हणाल्या तर ऐका.