विषय: कुकरला ३२चा ब्रेकर पुरेल का?

नमस्कार मंडळी,
नवा कुकर घेतलाय. शिट्टीवाला नव्हे, इथला, इंग्लंडातला: वर चार प्लेट, खाली ओव्हन. मागच्या पट्टीवर १०.५ किलोवॅट लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ४६ अँपिअर. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ६ एमएमची केबल आणि ३२चा ब्रेकर बास. नाशिकहून दीर म्हणतात, "वहिनी, १०ची केबल आणि ५०चा ब्रेकर घाला, तो पैसे वाचवतोय." कुणाचं ऐकू? चकल्या तोंडावर आल्यात.
– रेडिंगहून

उत्तर:
ताई, दिरांचा भागाकार बरोबर आहे, पण घरच्या कुकरला इथे तो तसाच धरत नाहीत. पहिले १० अँपिअर पूर्ण, उरलेल्याचे ३० टक्के, आणि कुकरच्या स्विचशेजारी सॉकेट असेल तर वर ५. तुमचे झाले १० अधिक १०.७ अधिक ५, म्हणजे २५.७. ओव्हनपाशी जरा उभ्या राहा: टक् झालं की लाल दिवा जातो, थोड्या वेळाने पुन्हा टक्. सगळं एकदम, सतत चालू राहतच नाही, अगदी फराळातसुद्धा.

ब्रेकर राखण करतो ती केबलची, कुकरची नाही. भिंतीवर क्लिपा मारलेली ६ची केबल ४७ अँपिअर सोसते. तिच्यावर ५०चा घातला तर ती तापली तरी हा ढिम्म.

पण केबल जाणार कुठून, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही! ऊब राखायला छतात अंथरलेल्या १०० मिलिमीटरपेक्षा जाड लोकरीखाली तीच ६ची २७वर येते, मग ३२चा ब्रेकर चालत नाही. १०ची तिथे ३६ देते. आमच्याकडे केबल टाकून झाल्यावर लोकर अंथरली आणि सगळं परत उपसावं लागलं.

नवं सर्किट आहे, तेव्हा सर्टिफिकेट मागून घ्या.
– स्लाववाले काका

उत्तर:
काका, शिडी लावून पाहिलं. एक्स्टेन्शनच्या छतातूनच जाणार होती. लोकरीत पट्टी खुपसली: १७० मिलिमीटर! इलेक्ट्रिशियनला फोटो पाठवला, तर "मग १०चीच" म्हणाला. स्विचचा डबाही खोल बसवणार आहे, एवढी जाड केबल उथळ डब्यात वळत नाही म्हणे. ब्रेकर ३२चाच.

दिरांना कळवलं. ५०चं नाव नाही, "१०ची मीच सांगितली होती" एवढंच तीनदा ऐकवलं.